ऊसतोड टोळ्यांचं गटवाटप: खर्चाची मर्यादा टाकली तरी सॉल्व्हर काहीच छाटत नाही, फिल्टरिंग कुठं लावू?

भोगावती_काठ

नमस्कार मंडळी. कोल्हापूरजवळच्या एका साखर कारखान्याच्या शेती विभागासाठी प्रोग्रॅम करतोय, टोळ्यांच्या आठवड्याच्या वाटपाचा. टोळ्या साधारण ४००, गट (ऊसक्षेत्राचे भाग) १२. प्रत्येक टोळीला एकच गट द्यायचा आणि प्रत्येक गटात कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती टोळ्या हे शेती विभागाकडनं ठरून येतं, कारण गव्हाणीला ऊस कमी पडून चालत नाही आणि एकदम गाड्या आल्या तर काट्यावर रांग लागते, तोडलेला ऊस उन्हात वाळतो. टोळी-गट जोडीचा अंदाजे खर्च माझ्याकडं आहे, त्याची बेरीज आठवड्याच्या बजेटच्या आत बसवायची आणि जमेल तेवढी अजून खाली आणायची.

वरनं काही अटी आहेत. बैलगाडीवाल्या टोळ्या लांबच्या गटात टाकता येत नाहीत, अंगदवाल्या (लहान ट्रॅक्टरगाडीवाल्या) जरा लांब चालतात, ट्रॅक्टर-ट्रॉलीवाल्या कुठंही. नदीकाठचे फड अजून ओले आहेत तिथं मोठी ट्रॉली रुतते. एकाच मुकादमाच्या दोन टोळ्या असतील तर त्या एकाच गटात पाहिजेत. असलं बरंच आहे, म्हणून कन्स्ट्रेंट प्रोग्रॅमिंग (सीपी: आपण अटी सांगायच्या, त्यात बसणारं उत्तर सॉल्व्हर शोधतो) घेतलं, जावामध्ये चोको ही लायब्ररी वापरतोय.

मॉडेल साधं आहे. प्रत्येक टोळीला एक व्हेरिएबल, त्याची किंमत म्हणजे गट नंबर. गटातल्या संख्येसाठी ग्लोबल कार्डिनॅलिटी, म्हणजे जीसीसी, ही किमान-कमाल मोजणीची तयार अट. खर्चासाठी प्रत्येक टोळीला एलिमेंट कन्स्ट्रेंट (गट नंबरवरनं तक्त्यातला खर्च उचलणारा) आणि मग सगळ्या खर्चांची बेरीज बजेटच्या आत.

अडचण अशी की बजेट टाईट केलं तरी सुरुवातीला एकसुद्धा व्हॅल्यू उडत नाही, म्हणजे कुठल्याच टोळीचा एकही गट आधीच बाद होत नाही. सर्च आपला निवांत खाली खाली जातो, साडेतीनशे टोळ्या बसवतो आणि मग कळतं की उरलेल्या टोळ्या बजेटमध्ये बसूच शकत नाहीत, परत मागं, परत तेच. जीसीसी आपल्या जागी बरोबर काम करतोय, बेरीज पण बरोबर करतेय, पण दोघांचं एकमेकांशी बोलणंच नाही असं वाटतंय. खर्च आणि मोजणी एकत्र बघणारं फिल्टरिंग (अशक्य व्हॅल्यू आधीच छाटणं) असतं असं ऐकलंय, ते नक्की कसं चालतं आणि ४०० टोळ्यांना परवडतं का? कुणी स्वतः लिहिलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा.

रेसिड्यूअल_ग्राफ

तुम्ही रोग बरोबर ओळखलाय. बेरीज बघताना सॉल्व्हर प्रत्येक टोळीचा स्वतःचा सगळ्यात स्वस्त गट धरतो आणि त्याची बेरीज म्हणजे लोअर बाउंड (याच्या खाली खर्च जाऊच शकत नाही असा आकडा) समजतो. आता सगळ्या टोळ्यांना कारखान्याजवळचाच गट स्वस्त पडणार, म्हणजे हा बाउंड जणू सगळ्या ४०० टोळ्या त्याच एका गटात आहेत असं धरून काढलेला. तसं होऊ शकत नाही हे जीसीसीला माहीत आहे, पण त्याला खर्च माहीत नाही.

छोटं उदाहरण घेऊ, कागदावर स्वतः करून बघा. तीन टोळ्या, तीन पट्टे, प्रत्येक पट्ट्यात बरोबर एक टोळी. खर्च हजारात धरा:

टोळी १: शिरोळ २, हातकणंगले ५, कागल ९
टोळी २: शिरोळ २, हातकणंगले ४, कागल ९
टोळी ३: शिरोळ ३, हातकणंगले ८, कागल ८

बजेट १५. बेरजेचा बाउंड किती? २ अधिक २ अधिक ३ म्हणजे ७. मग टोळी १ ला कागल, ९ वाला, घालून बघा: ७ मधनं तिचे २ काढले, ९ घातले, १४ झाले, १५ च्या आत, चाललं. टोळी २ चं पण तसंच १४. टोळी ३ ला ८ वाला कुठलाही दिला तर १२. एकही व्हॅल्यू उडत नाही. आणि नुसत्या ऑलडिफरंटला (सगळ्यांना वेगवेगळी व्हॅल्यू ही अट) तर उडवायला काहीच नाही.

आता खरं बघा. तीन टोळ्या तीन पट्ट्यात बसवायच्या सहाच रीती आहेत, त्यांची बेरीज १४, १९, १५, १७, १९, १६ अशी येते. १५ च्या आत दोनच. आणि त्या दोन्हीत टोळी ३ कागललाच आहे! म्हणजे नऊपैकी चार जोड्या सुरुवातीलाच मेलेल्या होत्या, टोळी ३ तर फिक्स होती, आणि तुमचं मॉडेल त्यातलं काहीच बघू शकलं नाही. ४०० टोळ्यांवर हेच होतंय.

यावर जुना आणि भक्कम उपाय आहे. १९९४ मध्ये झाँ-शार्ल रेजँ यांनी ऑलडिफरंटसाठी मॅचिंग (ग्राफमधल्या जोड्या लावणं) वापरून पूर्ण फिल्टरिंग दिलं, १९९६ मध्ये तेच फ्लो (ग्राफमधला प्रवाह) वापरून जीसीसीला आणि १९९९ मध्ये खर्चासकट जीसीसीला. त्याच १९९९ मध्ये फोकाची, लोदी आणि मिलानो यांनी रिड्यूस्ड कॉस्टवर आधारलेली हलकी पद्धत मांडली. दोन्हीचा गाभा एकच: आधी सगळ्यात स्वस्त पूर्ण वाटप काढा, मग प्रत्येक जोडीला विचारा की 'तुला जबरदस्तीनं घेतलं तर एकूण खर्च किती वाढेल', वाढ उरलेल्या गॅपपेक्षा (बजेट वजा स्वस्त वाटप) जास्त असेल तर ती जोडी काढून टाका.

वरच्या उदाहरणात स्वस्त वाटप १४ चं (१ शिरोळ, २ हातकणंगले, ३ कागल), गॅप १. रिड्यूस्ड कॉस्टसाठी प्रत्येक टोळीला आणि पट्ट्याला एक ड्युअल आकडा लागतो, असा की कुठल्याही जोडीत दोघांची बेरीज त्या जोडीच्या खर्चाच्या वर जात नाही. टोळ्यांना ०, ०, ० आणि पट्ट्यांना २, ४, ८ घ्या. मग प्रत्येक जोडीच्या खर्चातनं दोन्ही आकडे वजा केले की टोळी ३-हातकणंगले ४ उरतात, बाकी सगळ्या जोड्या ० किंवा १. गॅप १ असल्यामुळं उडाली एकच जोडी.

पण ड्युअल एकच नसतो. टोळी ३ ला १ द्या आणि कागलला ८ ऐवजी ७. हे पण तितकंच बरोबर, बेरीज परत १४ च. आता टोळी १-कागल २ झाले, टोळी २-कागल २ झाले, टोळी ३-हातकणंगले ३. तिन्ही उडाले, आणि मग कागलला टोळी ३ शिवाय कुणी उरलंच नाही म्हणून साध्या ऑलडिफरंटनं पुढचं काम आपोआप केलं. तेच वाटप, तोच गॅप, नुसता ड्युअल वेगळा आणि छाटणी एवढी वेगळी. म्हणून रिड्यूस्ड कॉस्ट स्वस्त आहे, चूक कधीच करत नाही, पण सगळं पकडेल याची खात्री नाही.

सगळंच पकडायचं असेल तर रिड्यूस्ड कॉस्टवर थांबायचं नाही, त्यात रेसिड्यूअल ग्राफमधला (आहे त्या वाटपातनं कोण कुठं हलू शकतं त्याचा ग्राफ) शॉर्टेस्ट पाथ, म्हणजे सगळ्यात स्वस्त रस्ता, मिळवायचा. टोळी १ ला कागलला ढकललं तर टोळी ३ हलणार, ती कुठं जाईल, तिच्यामुळं कोण हलेल, ही साखळी परत टोळी १ च्या रिकाम्या जागेपर्यंत सगळ्यात स्वस्तात कशी पोचते ते बघायचं. पहिल्या ड्युअलनं टोळी १-कागलचा १, अधिक टोळी ३ शिरोळला येण्याचा १, झाले २, गॅपच्या वर, उडाली. चारही मेलेल्या जोड्या या हिशोबात सापडतात, कुठलाही ड्युअल घ्या.

शिरोली_फाउंड्री

वरचं सगळं बरोबर आहे पण एक प्रॅक्टिकल गोष्ट आधी बोलतो, कारण आमच्याकडं कास्टिंगच्या ऑर्डरी मशीनवर लावायचं असंच काम केलंय. स्वतः प्रोपगेटर (फिल्टरिंग करणारा कोड) लिहायच्या आधी हेच मॉडेल गूगलच्या ओआर-टूल्समधल्या सीपी-सॅट सॉल्व्हरवर टाकून बघा. पण एलिमेंट वगैरे नको. टोळी-गट प्रत्येक जोडीला एक बुलियन (हो-नाही व्हेरिएबल), प्रत्येक टोळीला 'यातला नेमका एकच', प्रत्येक गटाला बुलियनच्या बेरजेवर खालची-वरची मर्यादा आणि खर्च थेट ऑब्जेक्टिव्हमध्ये (जो आकडा कमी करायचा त्यात). असं लिहिलं की आतल्या लिनिअर प्रोग्रॅमला (एलपी) पूर्ण चित्र दिसतं, मोजणी आणि खर्च एकाच ठिकाणी. तुमच्या वाटपाचा जो मूळ भाग आहे त्याचा एलपी आपोआप पूर्णांकातच सुटतो, त्यामुळं बाउंड एकदम कडक मिळतो, आणि रिड्यूस्ड कॉस्टवरनं व्हेरिएबल फिक्स करणं तो स्वतःच करतो. लिनिअरायझेशन लेव्हल (एलपी किती वापरायचा ती सेटिंग) २ करून एकदा आणि डिफॉल्टवर एकदा, लॉग चालू ठेवून बाउंड कसा सरकतोय ते बघा.

आणि मुकादमासारख्या अटी नसत्याच तर सीपी पण नको होतं, ओआर-टूल्समध्ये मिन कॉस्ट फ्लो तयार आहे, ४०० बाय १२ म्हणजे त्याला काहीच नाही.

एक आणखी. एकाच मुकादमाच्या दोन टोळ्या एकत्र ठेवायच्या म्हणून त्यांची एकच डबल वजनाची टोळी करायचा मोह होईल, तो टाळा. टोळी दोन वजनाची झाली की तो फ्लोचा प्रश्न राहत नाही, पोती भरायच्या प्रश्नासारखा अवघड होतो आणि वर सांगितलेलं स्वस्त, नेमकं फिल्टरिंग हातातनं जातं. दोन्ही टोळ्या वेगळ्याच ठेवा, 'दोघींचा गट एकच' ही अट बाहेरनं लावा. फ्लोला ती अट दिसणार नाही म्हणून बाउंड थोडा सैल राहील पण चुकीचं काही उडणार नाही.

मुकादमाचा_पुतण्या

मला सॉल्व्हरमधलं लई कळत नाही, पण आमच्या घरात तीन पिढ्या टोळ्या चालवतात म्हणून खर्चाच्या तक्त्याबद्दल बोलतो. दादा, तुमच्या तक्त्यात नुसतं अंतर आणि डिझेल धरलंय का? टोळी एका गटातनं दुसऱ्या गटात हलवायची म्हणजे कोप्या मोडायच्या, ताडपत्र्या, भांडीकुंडी, पोरंबाळं, बैलं सगळं हलवायचं, परत नव्या जागी पाण्याची सोय बघून कोप्या उभ्या करायच्या. त्यात तोडणीचा एक दिवस सहज जातो आणि त्या दिवसाचे पैसे टोळीला कुणी देत नाही, घेतलेली उचल फिटायची म्हटलं तर तो दिवस अंगावर येतो. बीड, धाराशिवकडनं माणसं हंगामापुरती आलेली असतात, त्यांच्यासाठी एक दिवस म्हणजे लई मोठी गोष्ट आहे.

तेव्हा आत्ता जिथं टोळी आहे तो गट सोडून बाकी सगळ्या गटांच्या खर्चात हलवायचा खर्च घाला, आणि तो टोळीला भरून द्यायची तरतूद पण त्याच आकड्यातनं करा. कॉम्प्युटरला हजार रुपये वाचताना दिसले म्हणून पन्नास टोळ्या इकडच्या तिकडं केल्या तर माणसं दुसऱ्या वर्षी त्या कारखान्याला यायची नाहीत.

भोगावती_काठ

@मुकादमाचा_पुतण्या हे फार मोलाचं सांगितलंत. हलवायचा खर्च आजच घालतो, आणि भरपाईचा मुद्दा शेती विभागापुढं लेखी मांडतो. टोळी आत्ता कुठं आहे ते माहीतच असल्यामुळं तो आकडा टोळी-गट जोडीलाच चिकटतो, मॉडेल बदलावं लागत नाही.

@शिरोली_फाउंड्री सीपी-सॅट नक्की बघतो. पण आमच्याकडं बाकी सगळ्या अटी चोकोत बसल्यात, त्यात काही घरी लिहिलेले प्रोपगेटर पण आहेत, म्हणून खर्चाचा प्रोपगेटर चोकोतच लिहायचं मनात आहे.

@रेसिड्यूअल_ग्राफ तीन टोळ्यांचं उदाहरण कागदावर केलं, सगळे आकडे जुळले, दुसरा ड्युअल बघून तर डोळेच उघडले. आता प्रश्न असा की नेमकं फिल्टरिंग करायचं तर ४०० टोळ्या गुणिले १२ गट म्हणजे ४८०० जोड्या, प्रत्येकीला एक शॉर्टेस्ट पाथ, तो पण सर्चच्या प्रत्येक नोडला (टप्प्याला)? हे झेपेल का? का रिड्यूस्ड कॉस्टवरच समाधान मानू?

रेसिड्यूअल_ग्राफ

प्रत्येक जोडीला वेगळा पाथ लागतच नाही. शेवटी पाथ कुठनं कुठं असतो? टोळी ज्या नव्या गटात गेली तिथनं, ती ज्या जुन्या गटातनं आली तिथपर्यंत. म्हणजे गट ते गट. टोळ्या कितीही असू देत, वेगळे प्रश्न गटांच्या जोड्यांएवढेच. रेजँ यांच्या मूळ मांडणीत पण शॉर्टेस्ट पाथ व्हॅल्यूंपासनं काढलेत, प्रत्येक जोडीपासनं नाही. आणि तुमच्याकडं व्हॅल्यू म्हणजे १२ गट! तुमची केस तर या पद्धतीसाठी अगदी सोयीची आहे, मी तर म्हणीन रिड्यूस्ड कॉस्टच्या फंदात पडूच नका, सरळ नेमकं करा.

कसं ते सांगतो. स्वस्त वाटप हातात आहे असं धरा. आता फक्त गटांचा एक छोटा ग्राफ करा. गट अ पासनं गट ब कडं जाणाऱ्या बाणाची किंमत किती? आत्ता अ मध्ये बसलेल्या टोळ्यांपैकी जिला ब मध्ये जायची परवानगी आहे आणि जिचा 'ब चा खर्च वजा अ चा खर्च' सगळ्यात कमी आहे, तो आकडा. मायनस पण येऊ शकतो, हरकत नाही. हे सगळे बाण भरायला एकदा सगळ्या ४८०० जोड्यांवरनं फिरलं की झालं.

वर एक तेरावा नोड घाला, गटांच्या किमान-कमाल मर्यादेसाठी. ज्या गटात अजून जागा आहे, म्हणजे कमाल आकडा गाठलेला नाही, त्या गटातनं तेराव्या नोडकडं शून्य किमतीचा बाण. ज्या गटात किमानपेक्षा जास्त टोळ्या आहेत त्याच्याकडं तेराव्या नोडपासनं शून्य किमतीचा बाण. अर्थ असा की एका गटात एक टोळी वाढली आणि दुसऱ्या गटात एक कमी झाली तरी मर्यादा मोडत नाहीत, साखळी तिथनं उडी मारू शकते.

मग या १३ नोडवर फ्लॉइड-वॉर्शल (सगळ्या नोडांमधली कमीत कमी अंतरं एकदम काढणारी पद्धत). १३ चा घन म्हणजे २१९७ स्टेप. बस्स. वाटप खरंच स्वस्तात स्वस्त असेल तर निगेटिव्ह सायकल (फिरून तिथंच येताना खर्च कमी करणारं चक्र) नसते, त्यामुळं मायनस बाण असले तरी उत्तर बरोबरच येतं (आणि निगेटिव्ह सायकल सापडलीच तर तुमच्या फ्लोमध्ये बग आहे, टेस्टिंगला ही फार चांगली चेक आहे). आता टोळी अ मध्ये असेल आणि ब बद्दल विचारायचं असेल तर: ब चा खर्च, वजा अ चा खर्च, अधिक तक्त्यातलं ब ते अ अंतर. गॅपपेक्षा जास्त, उडवा. ४८०० जोड्या, प्रत्येकीला एक बेरीज-वजाबाकी.

वरच्याच उदाहरणावर तपासा. कागल ते शिरोळ बाण म्हणजे टोळी ३ चा ३ वजा ८, मायनस ५. कागल ते हातकणंगले ०, हातकणंगले ते शिरोळ मायनस २, म्हणजे वळसा घालून मायनस २ च. कमीत कमी मायनस ५. टोळी १ ला कागल द्यायचं तर ९ वजा २ म्हणजे ७, अधिक मायनस ५, २. मघाशी पण २ च आले होते. ड्युअल, पोटेन्शियल काहीही सांभाळायचं नाही, तरी छाटणी पूर्ण.

यात कुणाला शंका येईल की साखळीत एकच टोळी दोनदा तर हलत नाही ना. नाही. शॉर्टेस्ट पाथ एका गटावरनं एकदाच जातो, प्रत्येक गटातनं एकच टोळी निघते, आणि मूळ टोळीच्या जुन्या गटावर पाथ संपतो, तिथनं दुसरं कुणी निघत नाही.

एखादी अट वापरत असलेली जोडी काढून टाकते (समजा बैलगाडीवाली टोळी लांबच्या गटातनं काढली) तेव्हा सगळं वाटप पहिल्यापासनं काढू नका. त्या टोळीचे उरलेले गट घ्या, प्रत्येकासाठी याच रीतीनं वाढ काढा, सगळ्यात कमी वाढीच्या साखळीनं टोळ्या हलवा, परत स्वस्त वाटप तयार. फक्त एका वेळी एकच तुटलेली जोडी दुरुस्त करायची आणि दर दुरुस्तीनंतर बाण नवीन भरायचे. आणि दुरुस्तीच्या साखळीसाठी कुठलाच रस्ता सापडला नाही, किंवा नवीन बेरीज बजेटच्या वर गेली, तर सर्चचा तो नोड तिथंच फेल, पुढं जायचंच नाही. साडेतीनशे टोळ्या बसवून मग कळण्यापेक्षा हे लई वर कळतं.

विद्यापीठ_कट्टा

वरचा १३ नोडचा हिशोब फार सुंदर आहे, वाचून आनंद झाला. शिवाजी विद्यापीठात असताना याच विषयावर प्रोजेक्ट केला होता म्हणून दोन-तीन गोष्टी जोडतो, कारण कोड लिहायला बसलं की याच आडव्या येतात.

गॅप. सगळं फिल्टरिंग गॅपवर चालतं, म्हणजे बजेट वजा स्वस्तात स्वस्त वाटप. गॅप मोठा असेल तर कितीही भारी अल्गोरिदम लावा, काही उडणार नाही, कारण खरंच काही उडण्यासारखं नसतं. म्हणून सुरुवातीलाच एक बऱ्यापैकी चांगलं वाटप कुठूनतरी मिळवा. फ्लोचं उत्तर घ्या, त्यात मुकादमाची वगैरे अट मोडत असेल तिथं हातानं किंवा लोकल सर्चनं दुरुस्त करा, तो आकडा वरची मर्यादा म्हणून द्या. पुढं ब्रँच अँड बाउंडमध्ये (हातातल्या उत्तरापेक्षा महाग फांद्या सोडत जाणारा सर्च) जसजसं चांगलं उत्तर मिळेल तसतसा गॅप आवळत जातो आणि तोच प्रोपगेटर जास्त जास्त छाटायला लागतो.

गट जास्त असतील त्यांच्यासाठी (इथं १२ आहेत म्हणून निभावलं, पण कुणी गावनिहाय करायला गेलं तर व्हॅल्यू शेकड्यात जातील, तिथं घनाचा हिशोब जड व्हायला लागतो) २०२४ मध्ये मार्गो श्मिड आणि रेजँ यांनी एक छान युक्ती दिली. सगळी अंतरं नेमकी काढायची गरज नसते, कारण बऱ्याच जोड्या उडणार नाहीत हे लांबूनच कळतं. थोडे नोड लँडमार्क म्हणून निवडायचे, तिथपर्यंतची आणि तिथनंची अंतरं काढायची. ब ते अ अंतर हे 'ब ते लँडमार्क अधिक लँडमार्क ते अ' याच्यापेक्षा जास्त असूच शकत नाही. तेवढं धरून पण जोडी बजेटमध्ये बसत असेल तर ती नक्की जिवंत, पुढं हिशोबच नको. ज्या थोड्या संशयास्पद राहतात त्यांच्यासाठीच खरा शॉर्टेस्ट पाथ. गॅप मोठा असताना तर जवळपास सगळ्याच जोड्या या पहिल्या चाळणीत मोकळ्या होतात, म्हणजे जिथं काही उडणारच नाही तिथं वेळ पण जात नाही.

पुढं हंगामाचे सगळे आठवडे एकत्र प्लॅन करायचा विचार असेल तर मुकादमाच्या पुतण्याचा मुद्दा परत येतो आणि यावेळी मॉडेल बदलावंच लागतं, कारण या आठवड्याचा हलवायचा खर्च मागच्या आठवड्याच्या गटावर अवलंबून. तिथं प्रत्येक टोळीला आठवड्यांच्या थरांचा ग्राफ करायचा, प्रत्येक थरात १२ गट, बाणावर तोडणी-वाहतूक आणि हलवणं दोन्ही खर्च. सुरुवातीपासनं प्रत्येक नोडपर्यंत सगळ्यात स्वस्त किती आणि तिथनं शेवटापर्यंत सगळ्यात स्वस्त किती हे एकेकदा काढलं की 'इथपर्यंत अधिक बाण अधिक इथनं पुढं' मर्यादेच्या वर गेला की तो बाण उडवायचा. हाच कॉस्ट-रेग्युलर कन्स्ट्रेंट, देमासे, पेझाँ आणि रूसो यांनी २००६ मध्ये मांडलेला, आणि तुमच्या चोकोत तयार मिळतो, लिहायला नको. 'टोळी हंगामात जास्तीत जास्त अमुक वेळा हलवायची' ही अट पण त्याच थरांच्या ग्राफमध्ये घालता येते, नोडला किती वेळा हललो ते चिकटवायचं. ती जरूर घाला. मात्र ४०० टोळ्यांचे ४०० ग्राफ आणि दर आठवड्याचा जीसीसी हे परत एकमेकांशी न बोलणारे होतात, तिथं नेमकं फिल्टरिंग मिळत नाही, लाग्रांज (जोडणारी अट सैल करून ती मोडल्यास दंड लावायची पद्धत) वगैरे लागतं. आत्ता त्यात शिरू नका, आठवड्याचं आधी चालू करा.

भोगावती_काठ

मंडळी, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं, मनापासून आभार. १३ नोडवालं लिहायला घेतलंय. एकच शेवटचं विचारतो. चोकोचा ऑलडिफरंट बॅकट्रॅकनंतर (सर्च मागं फिरल्यावर) जुनं मॅचिंग परत आणत बसत नाही, जे आहे त्यावरच पुढं जातो असं वाचलेलं, कारण मॅचिंग वर गेल्यावर पण बरोबरच असतं. मग मी पण वाटप एका साध्या ॲरेमध्ये ठेवून बॅकट्रॅकला तसंच सोडू का?

रेसिड्यूअल_ग्राफ

इथं तसं सोडू नका, खर्च आला की फरक पडतो. खाली गेल्यावर काही जोड्या उडालेल्या असतात म्हणून तिथलं वाटप महाग असतं. वर आल्यावर त्या जोड्या परत येतात, ते वाटप वैध राहतं पण स्वस्तात स्वस्त राहत नाही. मग लोअर बाउंड खोटा मोठा दिसतो, गॅप खोटा लहान दिसतो, आणि प्रोपगेटर जिवंत जोड्या उडवायला लागतो. सगळ्यात वाईट म्हणजे प्रोग्रॅम क्रॅश होत नाही, नुसता शांतपणे चांगलं उत्तर हरवतो आणि कुणाच्या लक्षात पण येत नाही.

दोन मार्ग आहेत. एक, टोळीचा आत्ताचा गट चोकोच्या आयस्टेटइंटमध्ये ठेवा, बॅकट्रॅकला तो स्वतः जुनी किंमत परत आणतो. ४०० आकडे, काही जड नाही. दुसरा, साधा ॲरे ठेवा पण प्रत्येक वेळी फ्लॉइड-वॉर्शल चालवल्यावर निगेटिव्ह सायकल आहे का बघा, असेल तर त्या सायकलवरनं टोळ्या फिरवा, सायकल संपेपर्यंत, आणि मगच छाटणीला हात लावा. सायकल असताना तक्त्यातली अंतरं विश्वासाची नसतात. मी पहिला मार्ग घेईन आणि डीबग मोडमध्ये दुसऱ्याची चेक पण चालू ठेवीन.

टेस्टिंगला सहा टोळ्या, तीन गट, आकडे रँडम, किमान-कमाल मर्यादा पण रँडम. सगळी वाटपं एकेक करून मोजा (३ चा सहावा घात, ७२९ च आहेत), बजेटच्या आतल्या वाटपांत कुठल्या जोड्या येतात ते बघा आणि प्रोपगेटरनं ठेवलेल्या जोड्यांशी ताडून बघा. दोन्ही याद्या तंतोतंत सारख्या यायला पाहिजेत, एक जोडी जास्त नको की कमी नको. सर्चच्या मधनं बॅकट्रॅक करून पण हीच तुलना करा, कारण वरचा बग फक्त तिथंच दिसतो.